चिंचिला मराठवाड्यात उन्हाळा काढतील का? शिवाय एकाची हनुवटी ओली राहायलीय

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. पुण्याची भाची शिक्षणासाठी परदेशी चाललीय. तिच्याकडचे दोन चिंचिला (दाट मऊ फरचे, उंदराच्या कुळातले छोटे पाळीव प्राणी) आमच्याकडे येणार आहेत. दोघंही नर, सख्खे भाऊ, वय चार वर्षं, असं तिचं म्हणणं. होळीच्या आत आणायचं ठरतंय. सशांचा अनुभव घरात आहे, चिंचिलांचा नाही.

घराची परिस्थिती अशी. वरच्या मजल्यावर स्लॅबची १० बाय ११ ची खोली मोकळी आहे, तिला पश्चिमेची खिडकी आहे. खालच्या मजल्यावर माळवदाची जुनी खोली आहे, भिंती दोन हात जाड. एसी नाही, मोठा डेझर्ट कूलर आहे. लाइट उन्हाळ्यात कधीही जाते, दुपारी दोन-तीन तास धरून चालायचं. इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, एक बॅटरी.

प्रश्न असे: कूलरवर भागेल का? कडबा आणि लसूणघास घरचीच आहे, ती चालेल का? नदीच्या वाळूत किंवा मुलतानी मातीत लोळू दिलं तर? आणि भाची सांगते की एकाची हनुवटी महिनाभरापासून ओली असते, पेलेट (दाबून केलेले खाद्याचे दाणे) तोंडात घेतो आणि टाकून देतो, एका डोळ्यातून पाणी येतं. पाणी जास्त पितो म्हणून ओली असेल का?

अँडीज_ते_औसा

दादा, कूलरचं उत्तर आधी देतो, कारण जीव जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. नाही भागणार.

चिंचिला हा चिलीच्या अँडीज डोंगरातला प्राणी. थंड, कोरडी हवा, खडकांच्या कपारी, रात्री बाहेर पडायचं. पाळीव आहेत ते लांब शेपटीच्या जातीचे. १९२३ मध्ये मथायस चॅपमन यांनी ११ जंगली चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, आज घराघरांत दिसणारे बहुतेक त्यांचेच वंशज. फरच्या धंद्यापायी जंगलातले जवळजवळ संपत आले, म्हणून त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. भाचीकडे खरेदीची पावती असेल तर तीही जनावरासोबत घ्या.

केसाच्या एकेका मुळातून ५०-६० तंतू निघतात. एवढ्या दाट फरात पिसवा सहसा टिकत नाहीत, तशीच आतली उष्णताही बाहेर पडत नाही. घाम येत नाही. उष्णता सोडायला त्यांच्याकडे मुख्यतः कानच आहेत. म्हणून कान लालभडक दिसले, आतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या, की खोली त्याला गरम होतेय हे ओळखायचं, मग तुम्हाला गार वाटत असो नसो.

खोली १६ ते २१ अंशांत हवी. २४-२५ पर्यंत ओढाताणीने चालतं. २७ च्या वर उष्माघाताची भीती, आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधी. बाहेरचे पाळणारे एक ठोकताळा वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी, ही बेरीज १५० च्या पुढे जाता कामा नये. एसीत २२ अंश म्हणजे ७२ फॅरनहाइट, आर्द्रता ४५, बेरीज ११७. उत्तम. आता श्रावणातला ढगाळ दिवस घ्या: २८ अंश म्हणजे ८२, आर्द्रता ८०, बेरीज १६२. माणसाला बरं वाटतं, जनावर मात्र धापा टाकतं. बहुतेक जण वैशाखाला भितात आणि पाऊस पडला की एसी बंद करतात, तिथेच घात होतो. जून ते सप्टेंबर हा उन्हाळ्याइतकाच जपायचा काळ आहे. बेरीज १५० च्या आत आहे म्हणून २९ अंश चालतात असंही नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या.

खोली खालचीच घ्या. माळवदाचं घर बाहेरच्या उन्हाशी सावकाश तापतं, त्यामुळे तिथे एसीला कष्ट कमी आणि लाइट गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. वरची पश्चिमेची खोली संध्याकाळी सहा-सातलाच सगळ्यात जास्त तापलेली असते, आणि चिंचिला जागे होतात ते नेमके त्याच वेळी.

वाळूचं म्हणाल तर नदीची वाळू नको. खडे टोकदार, फरच्या मुळाशी पोचत नाहीत, केस तुटतात आणि डोळ्याला इजा होते. मुलतानी माती चेहऱ्याच्या लेपाची मिळते, ती ओलसर हवेत लगेच गोळा होते, कित्येकांत सुगंध घातलेला असतो. चिंचिलाची म्हणून जी ज्वालामुखी राखेची बारीक धूळ मिळते तीच घ्या. रांगोळी, टाल्कम पावडर, खडूची पूड, काहीही नको. खोलगट काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर थर, आठवड्यातून तीन वेळा १०-१५ मिनिटं, मग भांडं बाहेर. पावसाळ्यात एक दिवसाआड. दिवसभर ठेवलं तर त्यातच मुततात, आणि डोळे चुरचुरून लाल होतात. ज्याचा डोळा पाणावतोय त्याला डॉक्टर दाखवेपर्यंत धुळीत सोडू नका.

आणि पाण्याने अंघोळ कधीच नाही. दाट फर आतून वाळत नाही, बुरशी धरते.

गारवा_जालना

एसी-फ्रिजच्या कामातला माणूस आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

कूलर का पुरत नाही त्याचा हिशोब बघा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ती मर्यादा, साधारण २२ येतं. चांगल्या जाळीचा कूलर हा फरक ८० टक्के भरून काढतो, म्हणजे तोंडातून हवा २६ अंशांनी निघते, आणि तिची आर्द्रता ७० च्या आसपास. खोलीत ती २८-२९ होते. बाहेर ढग आले, आर्द्रता चाळीसवर गेली, की कूलर नुसता पंखा उरतो. ही मशीनची मर्यादा आहे, पाण्यात बर्फ टाकून ती बदलत नाही.

१० बाय ११ च्या खालच्या खोलीला इन्व्हर्टर प्रकारचा १ टन एसी पुरेल. वरच्याच खोलीत लावायचा असेल तर दीड टन, स्लॅबवर पांढरा थर आणि खिडकीला बाहेरून जाड पडदा किंवा तट्ट्या. आतून लावलेल्या पडद्याचा उपयोग कमी, काच तापून उष्णता आत आलेलीच असते.

घेताना एक गोष्ट दुकानदाराकडून चालू करून बघा: लाइट जाऊन आल्यावर एसी आपोआप, आधीच्याच तापमानावर सुरू होतो का. बऱ्याच मशीनमध्ये ही सोय असते, पण बंद करून ठेवलेली असते. तुम्ही शेतात, लाइट दुपारी एकला गेली आणि दोनला आली, आणि एसी रिमोटची वाट बघत बसला, तर सगळा खर्च पाण्यात. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून त्या रेंजचा स्टॅबिलायझर लावा. कमी दाबात कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि पंखा मात्र फिरत राहतो. लांबून वाटतं एसी चालू आहे.

तुमचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर पंखा आणि वाय-फाय ओढेल, एसी नाही. १२ व्होल्ट १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हातात पडतात १२०० च्या आसपास. १ टन इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर ५००-६०० वॅटवर स्थिरावतो, पण सुरुवातीला हजाराच्या आसपास जातो. त्यासाठी २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा, किमान २ केव्हीएचा इन्व्हर्टर लागतो, तेव्हा कुठे चारेक तास निघतात. बॅटऱ्या नव्या असतानाचा हा आकडा आहे, दोन उन्हाळ्यांनी तो घटतो. तुमच्याकडे दुपारी दोन-तीन तास जाते म्हणता, तर हे जमण्यासारखं आहे. जमणार नसेल तर जनावर आणूच नका, असं माझं स्पष्ट मत.

पिंजरा एसीच्या झोताखाली नको, समोरच्या भिंतीला आडोशाने. थर्मामीटर-हायग्रोमीटर एसीजवळ न लावता पिंजऱ्याच्या मधल्या फळीच्या उंचीवर लावा. आणि फिल्टर: या जनावरांची धूळ पिठासारखी बारीक, त्यात केस. जाळी पंधरा दिवसांत गच्च होते, गारवा कमी होतो, आणि मालकाला वाटतं गॅस गेला. दर आठवड्याला जाळी धुवायची. धूळ-अंघोळ एसीपासून लांब, शक्यतो शेजारच्या खोलीत.

पशुवैद्य_उदगीर

वरचे दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, पण तुमच्या प्रश्नातली तातडीची गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. ओली हनुवटी, तोंडातून टाकलेली पेलेट, पाणावलेला डोळा. पाणी पिण्याचा याच्याशी संबंध नाही. उलट सिद्ध होईपर्यंत हा दाढांचा आजार समजायचा.

चिंचिलाला २० दात: पुढचे ४, बाकी १६ दाढा. सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. समोरचे दात वर्षाला ५-७ सेंटिमीटर वाढू शकतात. झीज होते ती लांब, चरबरीत गवत दाढांमध्ये आडवं रगडल्याने. पेलेट दातांखाली लगेच चुरडते, तिच्याने पुरेशी झीज होत नाही. गवत कमी पडलं की दाढा वर वाढून त्यांना टोकं येतात, ती जिभेत किंवा गालात रुततात, लाळ गळते. त्याच वेळी मुळं उलट दिशेने वाढतात: खालच्या दाढांची जबड्याच्या हाडात, वरच्या दाढांची डोळ्याच्या खोबणीकडे. डोळ्यातून पाणी येतं ते बहुतेकदा अश्रूंची नळी या मुळांनी दाबल्यामुळे. आनुवंशिक कारणही असतं, म्हणून या दोघांपासून वीण घेऊ नये.

घरी भाचीने आज तीन गोष्टी कराव्यात. एक, दोघांचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, ग्रॅममध्ये. दोन, ओल्या जनावराच्या खालच्या जबड्याच्या कडेने दोन्ही बाजूंनी हलकं बोट फिरवायचं. कड गुळगुळीत लागते की चिंचोक्यासारखे उंचवटे लागतात? तीन, समोरचे दात बघायचे. निरोगी दात पिवळे-नारिंगी असतात. पांढरे पडलेले दात म्हणजे काहीतरी बिघडलंय. सशाचे दात पांढरे असतात, तुमची नजर तशी बसलेली असेल, म्हणून मुद्दाम सांगतो.

समोरचे दात ठीक दिसले म्हणजे दाढा ठीक, असं मात्र मुळीच नाही. चिंचिलाचं तोंड अरुंद, गाल आत आलेले. जाग्या जनावराच्या तोंडात नुसतं डोकावून दाढांचे निम्मे दोष हुकतात. भूल देऊन तपासणी आणि कवटीचे एक्स-रे लागतात. आणण्याच्या आधी पुण्यातच, सशा-गिनीपिगांचे दात करणाऱ्या डॉक्टरांकडे हे करून घ्या. भुलेसाठी रात्रभर उपाशी ठेवू नका. याला उलटी होतच नाही, उपाशी ठेवलं तर आतडं थंडावतं. तोंड रिकामं व्हावं एवढ्यापुरता तास-दोन तास अन्न काढलं तरी पुष्कळ.

दात नेलकटरने किंवा कात्रीने कापणारे भेटतात. कापू देऊ नका. दात उभा चिरतो, मुळाशी पू होतो. फिरत्या बारीक चक्रीने घासूनच टोकं काढतात. नुसती टोकं असतील तर घासल्यावर आणि गवत वाढवल्यावर जनावर चांगलं सावरतं. मुळं वाढलेली असतील तर ती मागे जात नाहीत, मग दर महिना-दोन महिन्यांनी घासणं आणि वेदनाशामक, एवढंच हाती राहतं. सेलूला आणल्यावर ते कुठे होणार, हा विचार भाचीशी आधीच करा.

एक औषधांचं. तोंडाचा आजार दिसला की मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणून पाजायची सवय आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही तोंडावाटे दिली की चिंचिलाच्या आंधळ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि जुलाबाने जनावर दगावतं. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ‘हा सशा-गिनीपिगांसारखा पचन असलेला प्राणी आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

बालाघाट_माळरान

चाऱ्याबद्दल. ताई-दादा जे असाल ते, कडब्याचा मोह आवरा. ज्वारीचं ताट गुरांच्या दाढेसाठी आहे. पाच-सहाशे ग्रॅमच्या जनावराला त्यातली वाळलेली पानं चघळायला कधीमधी दिली तर ठीक, रोजचा चारा म्हणून नाही. पावसात भिजलेल्या बुचाडातला कडबा आतून काळा पडतो, ती बुरशी विषारी. कोवळी हिरवी ज्वारी तर दारातही नको, किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागायला जनावर लहान-मोठं बघत नाही.

लसूणघास चवीला आवडते म्हणून त्यावरच ठेवतात लोक. तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. वाढतं पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी मादी, आजारातून उठलेलं जनावर, यांना चालते. चार वर्षांच्या नराला रोज नको. नरांत मूतखडे होतात ते कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात.

मुख्य चारा टिमोथी किंवा ओटचं वाळलेलं गवत, २४ तास, हवं तेवढं. पाकिटातलं महाग पडतं. स्वतः ओट लावणार असाल तर कणसात दाणा भरायच्या आधी कापा, सावलीत वाळवा, हिरवा रंग टिकला पाहिजे. माळावरचं मारवेल किंवा पवना फुलोऱ्याच्या आधी कापलेलं, फवारणी नसलेलं, जोडीला चालतं. कुसळी गवत मात्र वेचून काढा. त्याची कुसळं हिरडीत आणि जिभेखाली रुततात, आणि मग लाळ गळायला लागते. तुमच्या ओल्या हनुवटीचं एक कारण तेही असू शकतं, डॉक्टरांना सांगा. तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट, सरकी, पेंड, सोयाबीन, कोंबडीखाद्य नको. कोंबडीखाद्यात मिसळलेली काही औषधं या प्राण्याला विष ठरतात.

पेलेट दिवसाला एक ते दोन मोठे चमचे, एकाच रंगाची साधी, गवताच्या पायाची. रंगीबेरंगी दाणे, सूर्यफूल, मका, मनुका असलेलं मिश्रण आलं की जनावर गोड तेवढं वेचतं आणि गवत सोडतं. मनुके, गूळ, शेंगदाणे, बिस्किट बंद. कोबी-फ्लॉवर, हिरवा ओला चारा यांनी पोट फुगतं.

कुरतडायला लाकूड लागतंच. बीड-जालन्याकडे रेशमाची तुती भरपूर आहे, छाटणीच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या फुकट मिळतील. ज्या बागेत अळ्या चालू आहेत तिथल्या घ्या, कारण अळीला बाधेल असं औषध शेतकरी त्या दिवसांत मारत नाही. पानं काढून, घासून धुऊन, उन्हात खडखडीत वाळवा. मोसंबी, लिंबू, कण्हेर, रुई, नीलगिरी यांच्या काड्या नकोत. प्लायवूड आणि रंगवलेल्या फळ्याही नकोत.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने तपासलं. ओल्याचं वजन ४८२ ग्रॅम, दुसऱ्याचं ५६०. तिच्या वहीत ओल्याचं मागचं वजन ५४५ लिहिलंय. जबड्याच्या उजव्या कडेला दोन उंचवटे लागतात, समोरचे दात फिकट पिवळे. लेंड्या आधीपेक्षा बारीक झाल्यात. खातोय, पण अर्धवट. डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीय. तोवर काय करायचं? आणि तिच्याकडे जाळीच्या तळाचा पिंजरा आहे, तोच आणायचा का?

पशुवैद्य_उदगीर

५४५ वरून ४८२ म्हणजे साडेअकरा टक्के घट. दहा टक्क्यांच्या पुढची घट गंभीर समजतात. परवाची वेळ पुढे ढकलू नका, आणि आज किंवा उद्या खाणं पूर्ण थांबलं किंवा बारा तासांत लेंडी पडली नाही तर तातडीने न्या.

तोवर हाताने भरवणं. शाकाहारी छोट्या प्राण्यांसाठी मिळणारी तंतुमय पूड, किंवा त्याचीच पेलेट कोमट पाण्यात भिजवून, घोटून, गाळून केलेलं पातळ पिठलं. १ मिलिची सुई नसलेली सिरिंज. दिवसभरात २५ ते ३० मिलि, पाच-सहा वेळा विभागून. त्याला टॉवेलात सैल गुंडाळून उभ्या अंगाने धरा, छाती दाबली जाऊ नये. सिरिंज बाजूच्या फटीतून, अर्धा मिलि द्या, तो चघळून गिळेपर्यंत थांबा. सरळ घशात ढकललं तर फुप्फुसात जातं. भरवण्याआधी पोटाला हात लावून बघा. फुग्यासारखं ताणलेलं, दुखरं, टिचकी मारली तर पोकळ वाजणारं असेल तर भरवायचं नाही, ती पोटफुगी आहे, लगेच डॉक्टर. हनुवटी मऊ कापडाने कोरडी ठेवा, लाळेने कातडी सोलते.

धरताना शेपटीच्या बुडाशी एक हात, पोटाखाली दुसरा. घाबरून अंगावरचा केसांचा झुपका हातात सुटला तर दचकू नका, शिकाऱ्याच्या तोंडातून निसटायची ती त्याची युक्ती आहे, केस काही आठवड्यांत परत येतात. पण नाकाभोवती, डोळ्यांभोवती, पंज्यांवर गोल खपली धरलेले चट्टे असतील तर तो गजकर्ण, बहुधा ट्रायकोफायटनचा. तो माणसालाही लागतो. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा आणि नमुना तपासून घ्या.

दोघंही नर आहेत याची खात्री याच भेटीत करून घ्या. मादीचा मूत्रमार्ग बाहेर आलेला, नराच्या अवयवासारखाच दिसतो, त्यामुळे दुकानांत चूक होते. खरा फरक अंतरात असतो: गुदद्वार आणि त्या अवयवामधलं अंतर नरात स्पष्ट जास्त, मादीत जवळजवळ नाहीच. गाभण काळ १११ दिवसांचा, आणि व्यायल्यावर लगेचच मादी पुन्हा माजावर येते. नर असतील तर महिन्यातून एकदा लिंगाभोवती केसांचं कडं अडकलंय का बघायला शिकून घ्या. ते आवळत जाऊन रक्त थांबतं. सारखं चाटत बसणं, लघवीला जोर करणं ही खूण.

उष्माघाताचं आत्ताच वाचून ठेवा. आडवा पडलाय, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, कान लाल, लाळ घट्ट: आधी गार खोली. मग साध्या गार पाण्याचं ओलं फडकं कानांना आणि तळव्यांना. बर्फ नको, बर्फाच्या पाण्यात बुडवणं तर नकोच, कातडीच्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. सगळी फर भिजवू नका. शुद्धीत असेल तर सिरिंजने थेंब-थेंब पाणी. सावरल्यासारखा दिसला तरी डॉक्टरांकडे न्या, आतड्याचा आणि मूत्रपिंडाचा त्रास नंतर उमटतो.

अँडीज_ते_औसा

पिंजऱ्याचं. जाळीचा तळ असेल तर त्यावर पूर्ण फळी किंवा फरशी टाका. तळव्याला घट्टे पडून जखमा होतात, आणि नडगीचं हाड लांब, काडीसारखं बारीक असतं. जाळीत पाय अडकून उडी मारली की मोडतं. बाजूच्या जाळीची भोकंही सव्वा सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत. दोघांना किमान ३ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फूट उंच पिंजरा हवा, आत साध्या कोऱ्या लाकडाच्या फळ्या जिन्यासारख्या, एकेका उडीचं अंतर कमी ठेवून. प्लॅस्टिकची घरं-भांडी काढून टाका, कुरतडून गिळतात आणि आतडं बंद होतं. चाक ठेवायचं तर पत्र्याचं, गुळगुळीत, ३८ सेंटिमीटर व्यासाच्या वर. सळ्यांचं चाक नको.

शहाबादी फरशीचे एक-एक फूट चौरस दोन तुकडे कापून घ्या, कडा घासून. एक पिंजऱ्यात, एक फ्रिजमध्ये. लाइट गेली की बदलायचे. पाण्याच्या बाटल्या गोठवून, पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवून ठेवा. हे बॅटरी संपल्यावर अर्धा-पाऊण तास मिळवून देणारं साधन आहे, एसीला पर्याय नाही.

पाणी उकळून गार केलेलं, काचेच्या बाटलीत, नळी रोज ब्रशने धुवायची. टाकीच्या आणि बोअरच्या पाण्यातले जंतू बाटलीच्या चिकट थरात वाढतात, त्यातलाच स्यूडोमोनास चिंचिलाला डोळ्यापासून फुप्फुसापर्यंत कुठेही धरतो.

आणायची घाई होळीची आहे म्हणून करू नका, दाताचं उरकू द्या. एसी लावून, जनावर नसताना, सलग आठवडाभर खोलीचं दुपारचं आणि पहाटेचं तापमान लिहून बघा. आणताना रात्री निघा, गाडीचा एसी आधी अर्धा तास चालवून. जुनंच गवत, जुनीच पेलेट आणि पिंजऱ्यातली वापरलेली फळी सोबत घ्या. नवा चारा दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा मिसळत जायचा, एकदम बदलला तर पोट बिघडतं. दोघांना एकाच डब्यात आणा. वेगळे ठेवले आणि वास बदलला की सख्खे भाऊही परत एकत्र येताना भांडतात. आजाऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं तर दुसऱ्यालाही सोबत न्या.

पशुवैद्य_उदगीर

एक राहिलं. एक्स-रे झाल्यावर मोबाइलने काढलेला फोटो घेऊ नका, मूळ डिजिटल फाइल मागून घ्या, बाजूचा, समोरचा आणि दोन्ही तिरके, असे चारही. दर्जेदार प्रतिमा नसेल तर मुळांची वाढ किती हे सांगता येत नाही. पुढे परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायची वेळ आली तर आधी फोन करून छोट्या प्राण्यांची भूल आणि दातांची चक्री त्या दिवशी उपलब्ध आहे का विचारा, आणि त्या फाइलसोबत वजनाची वहीही न्या.

दुधनाकाठ

फाइलचं भाचीला कळवलं. खालच्या खोलीचं माप एसीवाल्याला दिलंय, आपोआप सुरू होण्याचं त्याला आधीच विचारलं. परवाचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.